ऐका बरं, चालतंय का?

झेरॉक्स मशीनला मी कागद लावत असायचो आणि मागून कानाला काहीतरी गार टेकायचं. दचकायची सवय केव्हाच गेली होती. शेजारच्या गाळ्यातले घड्याळवाले तात्या दुरुस्त केलेलं घड्याळ माझ्या कानाशी धरून उभे असत.

"ऐका बरं. चालतंय का?"

"चालतंय, तात्या."

मग मान हलवून परत जात. दिवसातून तीन-चार वेळा.

इंदापूरच्या स्टँडजवळ आमचे गाळे लागूनच. चावीचं घड्याळ कानाला लावल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, ही तात्यांची रीत. पण त्यांच्याच कानात शिट्टी वाजायला लागली होती. "उजवा कान कवाच गेलाय, आन् डाव्या कानात रातकिडा बसलाय. ऊठ म्हणलं तर उठत न्हाय," म्हणायचे.

असा घड्याळवाला तुम्हीही पाहिला असेल. काचेच्या पेटीत मान घातलेली, डोळ्यात भिंग आणि ते पडू नये म्हणून आवळलेला जबडा. तात्या चाळीस वर्षं तसेच बसले. बायको गेल्यापासून घरून डबा येत नव्हता, दुपारी चहात पाव बुडवून खायचे, तेही तसंच वाकून.

मीच त्यांना बारामतीला नेलं. कानाच्या डॉक्टरांना डाव्या कानात काही सापडलं नाही. त्यांनी फिजिओथेरपीच्या मॅडमकडे धाडलं. मॅडमनी जबडा पुढं काढायला लावला, तसे तात्या म्हणाले, "आवाज बारीक झाला की." जबड्याचे आणि मानेचे स्नायू कायम ताणलेले असले तर काहींना असा आवाज जास्त येतो, मॅडमनी सांगितलं. खात्री देत नाही, करून बघू. ओठ मिटलेले, दात सुटे, मान सरळ.

आम्ही पेटीखाली विटा घालून ती उंच केली. मला तर चाळाच लागला. जाता-येता म्हणायचो, "तात्या, दात!" की ते गुपचूप जबडा सैल सोडत. कमी झालं का विचारलं तर, "हाय तसंच." घड्याळं माझ्या कानाशी येतच राहिली.

शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या गर्दीत एकदा मी वैतागलो. "तात्या, तुमचं घड्याळ ऐकत बसू का लोकांचे कागद काढू?"

"बरं," म्हणाले आणि गेले.

चार दिवस फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी मी त्यांच्या दारातून डोकावलो. तात्यांनी घड्याळ स्वतःच्याच डाव्या कानाला लावलं होतं. ऐकलं, मान हलवली, खिळ्याला अडकवलं आणि पुढचं उचललं. त्यांना ऐकू येत होतं. कधीपासून, देव जाणे. दिवसातून तीन-चार वेळा कुणीतरी आपल्याला 'तात्या' म्हणावं, एवढ्यासाठी हा माणूस माझ्याकडे येत होता आणि मी त्याला हाकललं. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वडिलांचं चावीचं घड्याळ, अगदी चांगलं चालणारं, घेऊन गेलो आणि त्यांच्या कानाशी धरलं.

"ऐका बरं, तात्या. चालतंय का?"

त्यांनी बराच वेळ ऐकलं. "चालतंय," म्हणाले. "पन उद्या परत दाखवा."

मग मी रोज दाखवायला लागलो.

या माघात तात्या झोपेतच गेले. त्यांच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं लटकतात. सकाळी दुकान उघडलं की मी घड्याळाला चावी देतो, कानाला लावतो. चालतंय. सांगायला म्हणून उठतो आणि दारापर्यंत जाऊन परत येतो.