न सांगण्याची नोकरी

पुण्याच्या त्या मुलाखतीत गणिताचे प्रश्न अवघड नव्हते. फळ्यावर मी प्रोग्रॅमचा आराखडा काढला, त्यात एक चूक केली, आणि कोणी बोट दाखवण्याआधी मीच ती शोधून पुसली. खडूची धूळ ओठांवर बसली. तिची चव माझ्या गावच्या, अनसिंगच्या शाळेतल्यासारखीच होती. ती कंपनी संरक्षण खात्याला कॉम्प्युटरवर आकडेमोड करून देई. एवढंच तेव्हा कळलं, आणि आजही एवढंच सांगता येईल. शेवटी टेबलामागच्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं.

“असं कोणी आहे का, ज्याला तुम्ही सगळं सांगता?”

माझ्या डोळ्यांसमोर गावची शेजारची काकू आली. आई गेल्यावर मी तिच्याच चुलीपाशी वाढले. पहिली कविता, कॉलेजातलं पहिलं अपयश, सारं तिच्या सुपाच्या आवाजात सांगून मोकळी झाले होते.

“नाही,” मी म्हणाले.

निवड झाली, पण पोलीस चौकशीच्या अटीवर. गावी येऊन मी वाट पाहत राहिले. काकूला इतकंच म्हटलं की कागद यायचा आहे. कागद आला. दिलेल्या पत्त्यावर अशी व्यक्ती राहत नाही, असा अहवाल मिळाला होता. पंधरा दिवसांत खुलासा केला नाही, तर निवड रद्द.

वडील आणि मी काकूच्या ओसरीवर गेलो. पत्र ऐकताच तिचं सूप थांबलं.

“तो सायकलवाला पोलीस? म्याच सांगतलं त्याले.”

“काय सांगतलं, काकू?”

“अशी कोनी पोरगी इथं राहत नाही म्हनून. पोलीस तुयं नाव घेऊन दारात उभा, तं तुले काय त्याच्या हवाली करू?” गल्लीतल्या बायकांनाही तिनं हेच पढवून ठेवलं होतं.

वडिलांनी कपाळावर हात मारला. “वयनी, नवकरीसाठी इचारून राह्यला होता तो!”

“मंग तसं बोलाव ना मेल्यानं! मिशीले पीळ देऊन कायले इचारते?”

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून पोलीस ठाण्यात आली. जमादारासमोर तिनं माझं मनगट धरून मला पुढं ओढलं. “हे पाह्य. हेच ते पोरगी. माह्यासमोर वाढली. मी लबाड बोलली, लिव्ह तसं.” मग तिनं अंगठा दिला आणि पुन्हा माझं मनगट धरलं. परतताना माझ्या मनगटावर तिच्या अंगठ्याची निळी शाई होती. ती मी दोन दिवस घासून धुतली नाही.

खुलासा मान्य झाला आणि मी नोकरीवर रुजू झाले. पुण्यात कॉम्प्युटरची खोली बारा महिने थंड असे. भोकं पाडलेल्या कार्डांच्या चळतींना कोऱ्या पुठ्ठ्याचा वास येई, आणि यंत्र ती गिळत असताना पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज होई. शेजारच्या टेबलावर काय चाललं आहे, हे कोणी कोणाला विचारत नसे. पहिल्याच दिवशी सही करून मी ते मान्य केलं होतं. घरी लिहिलेल्या पत्रांत हवा असे, प्रकृती असे, आणि उरलेलं पान कोरं.

दिवाळीला वाशीमला रेल्वेतून उतरले, एसटीनं गावी आले, आणि बॅग ठेवून थेट काकूकडे गेले. ती ज्वारी पाखडत होती.

“काय करतं वं तू तिथं दिवसभर?”

“आकडेमोड.”

“कायची?”

मी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

“पोलिसाले नाही सांगतलं म्या, अन् आता लोकाइले सांगन काय?” ती हसली. सूप मांडीवर ठेवून, माझ्याकडे तोंड करून बसली.

वाऱ्यावरचं फोल माझ्या केसांत अडकलं होतं. ते काढायला तिनं हात पुढं केला, तेव्हा त्या हाताशी सगळं बोलून टाकावं असं वाटलं.

“नाही सांगता येत मले, काकू.”

तिनं फोल काढलं. थोडा वेळ बोटांत धरून ठेवलं.

“बरं,” ती म्हणाली, आणि सूप उचललं. मग आलेल्या पाहुण्यांना विचारतात तसं तिनं विचारलं, “तिकडं जवारी चांगली भेटते काय?”

पुण्याच्या ज्वारीविषयी मी तिला बराच वेळ सांगत राहिले.