दाजींची भूकंपाची वेबसाइट

बारावीच्या क्लाससाठी मी लातूरला ताईकडे राहत होतो. दाजी एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे, घरी मलाही शिकवायचे आणि स्वतःला शास्त्रज्ञ समजायचे. भूकंपाची चाहूल जनावरांना आधी लागते, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. म्हणून त्यांनी देवणीहून एक बैल आणून अंगणात बांधला आणि त्याच्यासाठी फुकटातली एक वेबसाइट काढली. रोज सकाळी नेट कॅफेत जाऊन ते इंग्रजीत लिहायचे, 'बैल आज शांत आहे.' शेणघाण मात्र ताई काढायची.

एका दुपारी बैल अचानक बिथरला आणि दावं तोडून पळाला. दाजींनी घाईघाईनं सायकल काढली. आम्हाला वाटलं, बैलामागं गेले. तासाभरानं ते घामाघूम होऊन परतले, पण खुशीत होते.

"जगाला भूकंपाचा इशारा दिला! अमेरिकेतल्या एकानं लगेच उत्तर धाडलं."

ताई म्हणाली, "अन् आम्हाला? तुमच्या आई आत झोपल्यात. त्यांना बाहेर काढायचं न्हाई सुचलं?"

"साइटवर टाकलं होतं की."

या माणसाची सख्खी बहीण त्र्याण्णवच्या भूकंपात भिंतीखाली गेली होती.

भूकंप काही आला नाही. बैलाला गांधीलमाशी डसली होती. संध्याकाळी तो सापडल्यावर ताईनं त्याला शिरूर अनंतपाळला मामांच्या शेतावर धाडून दिलं. दाजींनी साइटवर लिहिलं, 'तांत्रिक कारणामुळे वेधशाळा बंद.' मी त्यांच्याकडं फिजिक्स शिकायचं सोडलं.