मनमायाचं माहेर

कंडक्टरकीत बारा वर्षं झाली. मशीनमधला कागदाचा रोल संपतोय, किस्से काय संपत न्हाईत. अणदूर-धाराशिव गाडीत रोज तीच माणसं, त्यामुळं एकेकाचे पाच-पाच किस्से साठतात. आज मनमायाचे सांगते. नेपाळची पोरगी, वय असंल बावीस-तेवीस. पुण्यात कंपनीत असताना अणदूरच्या पोराशी लग्न केलं आणि सासरी नांदायला आली. तुळजापूरला शिवणकामाला जायची, आमच्याच गाडीनं.

*

पहिला किस्सा माझ्याच मूर्खपणाचा. बायकांना अर्धं तिकीट असतंय. गाडीतल्या एकीलाही काय विचारलं न्हाय, हिलाच म्हणलं, "आधार दाखव." तिनं आजूबाजूच्या बायकांच्या हातात कार्ड दिसतंय का बघितलं, आणि मुकाट्यानं पूर्ण तिकिटाचे पैसे पुढं केले. मी ते घेतले पण! अजून लाज वाटती.

*

गाडीत रोज कुणीतरी विचारायचंच, कुठली गं तू? ती म्हणायची, अणदूरची. तसं न्हाय, मूळची? एकदा एक आजोबा फारच खोदायला लागले, तेव्हा म्हणली, "आजोबा, सासर सांगितलं की. बाईला याच्यापुढं कोण विचारतंय?"

बायका खो-खो हसल्या. मग एकेक करून गप्प झाल्या.

*

आमचे ड्रायव्हर चाँदमामा तिच्याशी हिंदीत बोलायचे, अगदी मायेनं. एक दिवस तिनं त्यांना सांगितलं, "मामा, मराठीत बोला. तुम्ही हिंदी बोलला की मी पाहुणी होते."

त्या दिवसापासनं मामा तिला मराठीत रागवायला लागले. पोरगी खूश!

*

मागच्या थंडीत तिची आई गेली. गावी पोचायला तीन दिवस, तोवर कोण थांबतंय? सकाळी गाडीतच ती फोनवर तिकडचं सगळं बघत होती. नळदुर्ग सोडलं आणि रेंज गेली. मामांनी आरशातनं बघितलं. पुढच्या चढावर रेंज आली तशी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. अर्धा तास थांबलो. कोर्टाची तारीख असलेला माणूससुद्धा हूं की चूं करीना.

तिनं फोन पदराला पुसला. "झालं. चला मामा."

बाप आधीच गेलेला, एकुलता भाऊ आखातात. तिकडच्या घराला कुलूप लागलं. 

*

यंदाच्या नागपंचमीला गाडी माहेरवाशिणींनी गच्च. कुणाला भाऊ न्यायला आलेला, कुणाला बाप. त्यात मनमाया चढली. नवी साडी, हातावर मेंदी, कपड्यांची पिशवी. तिचं शिवणाचं दुकान तर सणाचं बंद होतं. कुठलं देऊ विचारलं, तर म्हणली, "माहेरचं." मग हळूच म्हणली, "ताई, गाडी जिथपर्यंत जाती तिथलं द्या."

धाराशिव स्टँडवर सगळ्या बाया उतरल्या. ही खिडकीला तशीच बसून. मामांनी चहा आणून दिला, तेवढा प्याली. गाडी फिरली, तशी ती आमच्याबरोबरच परत निघाली. रस्ताभर मी तिच्याशेजारी बसले.

सकाळी नऊला निघालेली पोरगी, दुपारी तीनला अणदूरच्या फाट्यावर उतरली. तिथं तिची सासू उन्हात उभी. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. सून माहेरनं आल्यावर करतात तसा तिनं तो तुकडा मनमायावरनं ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. मग पिशवी आपल्या हातात घेतली.

"लई दिस लावलेस गं माहेरात."