शेवटच्या कडव्यातलं नाव

कामरगावच्या स्टँडवर काळीपिवळी जीप भरेपर्यंत हलत नाही, म्हणून मला निरोप द्यायला गायन पार्टीला भरपूर वेळ मिळाला. पार्टी म्हणजे पेटीवर बाबा, ढोलकीवर दौलतमामा आणि मागे ओळ उचलायला चार-पाच जण. त्या मागच्यांत लहानपणापासून मी. मायने भाकरी-ठेच्याची पिशवी मांडीवर ठेवली. दौलतमामा म्हणाले, "जाय बाप्पा, मोठा हो. पन लय मोठा नको होऊ, आमाले वयखता आलं पाह्यजे." बाबा एवढंच म्हणाले, "पुन्याचे लोकं टाळ्या देतीन, पन तुह्या मांगं ओळ म्हननार नाहीत. एकट्यानं गायची सवय कर."

पुण्यात आधी लग्नांत गायलो, मग दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये कोरसला उभा राहिलो. मग कापूस वेचणाऱ्या बाईचं एक वऱ्हाडी गाणं स्वतः लिहिलं, स्वतः चाल लावली आणि मोबाइलवर टाकलं. ते चाललं. तेव्हापासून मी 'मातीतला गायक' आहे. कार्यक्रमवाले मला धोतर आणि फेटा घालायला लावतात. बाबांना मी जन्मात कधी फेट्यात पाहिलं नाही. ते पार्टीला इस्त्रीची पांढरी पॅन्ट घालून बसतात. गाणं ऐकून माय फोनवर म्हणाली, "गानं चांगलं हाय रे, पन कापूस येचतांनी एवढं रडाले कोनाले फुरसत हाय?" त्या रडण्यावर माझा फ्लॅट उभा आहे.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले ते सणावारी गावाची आठवण काढतात. माझा तो धंदा आहे. गावातच राहिलो असतो तर विकायला आठवण कुठून आणली असती?

आमच्याकडे भीमजयंतीच्या संध्याकाळी विहारापुढे पार्टी बसायची. आता डीजे येतो आणि त्यावर माझीच गाणी लागतात. ज्या पार्टीने मला ओळ उचलायला शिकवलं, तिला माझ्याच आवाजाने घरी बसवलं. मागे म्हणणारे एकेक करून सुरतेला, नाशकाला गेले. दौलतमामांची ढोलकी खुंटीला लागली. पोरं मला अभिमानाने व्हिडिओ पाठवतात. मी उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवतो आणि फोन उलटा ठेवतो.

यंदा गावच्या जयंती मंडळाने मला पाहुणा म्हणून बोलावलं. मी अट घातली: आधी बाबांची पार्टी गाईल. बाबांनी नवं गाणं बांधलं होतं. हिवाळाभर माय सांगायची, "तुहे बाबा गाईले चारा टाकतांनी बी गुनगुनून राह्यले." अट मान्य झाली, फक्त सत्कारानंतर, असं ठरलं. सत्कार सुरू करता येतो, थांबवता येत नाही. एप्रिलच्या उकाड्यात माझ्या अंगावर शालीवर शाल चढत गेली. फ्लेक्सवर माझा चेहरा ट्रॅक्टरएवढा होता. बाबा पांढरी पॅन्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते, पेटी पायाशी. तेवढ्यात गर्दीने माझं गाणं मागायला सुरुवात केली. सेक्रेटरी कानाशी आला, "दादा, दोनच घ्या. मंग काका हायेतच."

दोनाची किती झाली ते मी मोजलं नाही. नाही म्हणता आलं असतं, पण मला गायला मजा येत होती. समोर सगळ्यांचे मोबाइल वर होते, तोंडं बंद. ध्रुपद आलं की बाबा आणि दौलतमामा मात्र खालून ओळ उचलत होते, मी त्यांच्या मागे बसून उचलायचो तशी. मी संपवलं आणि कोणीतरी माइकवर जेवणाची सूचना दिली. मांडव रिकामा झाला. बाबांनी पेटीचा भाता बांधला आणि म्हणाले, "चाल दौलत, भात थंडा होईन."

सकाळी अंगणात त्यांनी मला समोर बसवलं. "गानं घे." आमच्याकडे गाणं लिहून देत नाहीत, एक ओळ म्हणायची, दुसऱ्याने ती परत म्हणायची. वस्तीतल्या पहिल्या शिकलेल्या बाईचं गाणं होतं, आणि माझ्या सगळ्या गाण्यांहून चांगलं होतं. भीमगीताच्या शेवटच्या कडव्यात बांधणारा आपलं नाव ओवतो, म्हणजे कोणीही कुठेही गायलं तरी गाणं कोणाचं ते कळतं. बाबांची सगळी गाणी 'किसन'वर संपतात. या गाण्यात 'संघपाल' आलं, माझं नाव. मी थांबलो.

"बाबा, इथं तुमचं नाव पाह्यजे."

"माह्या नावानं कोन आयकते आता? तुहं असलं त चार गावं जाईन. मात्रा बसते, पाह्यलं म्या."

"पन गानं तुमचं हाय."

"गानं गायल्या गेलं पाह्यजे बाप्पा. नावाचं काय, माहं आधार कार्डावर हाय ना."

पुण्यात स्टुडिओत मी तिथे 'किसन' घालून पाहिलं. बसेना. नाव छोटं, ओळ लंगडते. ओढून पाहिलं, एक शब्द वाढवून पाहिला, यमकच हललं. मग लक्षात आलं की त्यांनी आपलं नाव काढून माझं घातलेलंच नव्हतं. ते कडवं पहिल्यापासून माझ्या नावाच्या मापाने कापलं होतं. म्हणजे हिवाळ्यातच, गोठ्यात गुणगुणताना, त्यांना माहीत होतं की हे आपण गाणार नाही. तरी ते इस्त्री करून, पेटी घेऊन येऊन बसले. माझ्या अटीवर त्या मांडवात माझ्याशिवाय कोणाचाच भरवसा नव्हता.

मुलाखतीत घर कुठलं विचारतात आणि मी गावाचं नाव सांगतो. अलीकडे ते सांगताना चोरट्यासारखं होतं. घर म्हणजे आता मला ती एक ओळ वाटते, जिच्यात माझं नाव अगदी चपखल बसतं आणि ज्याने ती केली त्याचं बसत नाही.

गाणं अजून रेकॉर्ड केलेलं नाही. बाबा दर रविवारी फोनवर विचारतात, "झालं काय रे?"

मी म्हणतो, शेवटच्या कडव्यात थोडं अडतंय.

"काहून अडते?" ते म्हणतात. "म्या त बराबर बसवून देल्लं."