पुठ्ठामामाचा ठसा

पुठ्ठामामाला खरं नाव आहे, पण ते विजेच्या बिलावर असतं. गल्लीला त्याचा काही उपयोग नाही. भाचीचा तो सख्खा मामा, म्हणून हळूहळू सगळ्यांचाच मामा झाला. आणि पुढे 'पुठ्ठा' लागला तो त्याच्या गॅरेजातल्या एका खिळ्यामुळे. त्या खिळ्याला ताटाएवढे गोल पुठ्ठे टांगलेले असतात, प्रत्येकाला भोकं पाडलेली.

मामाची रीत अशी. गाडीचं चाक काढायचं, चाक ज्या बोल्टांवर बसतं त्यांच्या टोकांना ग्रीस फासायचं आणि वर पुठ्ठा दाबायचा. डाग पडले की तिथे आरीने भोकं. मग भंगारवाल्याकडे एखादा एक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, दिसला की हा ठसा त्याच्या बोल्टांवर चढवून बघायचा. बसला, तर सोयरीक पक्की. मापं शिंप्याने घ्यावीत, मिस्त्रीने नजर ठेवावी, असं मामाचं म्हणणं. शिंपी समोरच राहतो. त्याने हे ऐकलेलं आहे, आणि मामाच्या पँटी तो अजूनही बोटभर आखूडच शिवतो.

भाचीने जुना ट्रक घेतला तेव्हा मामाची छाती फुगली. बुटका, रुंद, चारही चाकांना जोर असलेला, दगडधोंड्यांतून चढणारा गडी होता तो. डोंगराच्या टोकावर हवामान केंद्र आहे. तिथे माणसं आणि सामान पोचवायचं काम भाचीला मिळालं होतं. वरची वाट म्हणजे नुसते सुटे दगड, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. मागचा एक्सल त्या वाटेला टिकणार नाही, हे मामानेच सांगितलं, आणि जास्त वजनाच्या गाडीचा दणकट एक्सल आणून बसवतो, असा शब्दही मामानेच दिला. भाचीची अट एकच होती. ट्रकवर स्टेपनी एकच मावते, तेव्हा ते चाक पुढेही बसलं पाहिजे आणि मागेही. मामा म्हणाला, पुठ्ठा आहे ना.

पुठ्ठा होता. अशाच एका गाडीचा जुना ठसा खिळ्यावर लटकत होता, सहा भोकांचा. मामा तो काखोटीला मारून भंगारात गेला आणि नवरदेवासारखा एक्सल घेऊन आला. भाचीने आणि त्याने मिळून तो ट्रकखाली चढवला, तो धरून ठेवणारे पट्टे आवळले, ब्रेकच्या नळ्या जोडल्या. मामी मधूनमधून स्वयंपाकघराच्या दारातून डोकावून जात होती. ते दार गॅरेजातच उघडतं, त्यामुळे तिच्या भांड्यांना ग्रीसचा आणि मामाच्या पान्यांना फोडणीचा वास असतो.

मग भाची चहाचे कप ठेवायला आत गेली आणि मामाने मागचं चाक उचललं. मधलं मोठं भोक नीट बसलं. एका अंगाचे बोल्टही सुतासारखे आरपार गेले. समोरच्या अंगाचे मात्र भोकाच्या काठाला येऊन अडले. मामाने खांदा लावला. चाक कुरकुरत आत गेलं, मामाने नट आवळले आणि चाक हाताने फिरवलं. ते पैंजण घातल्यासारखं वाजत, झोकांडत फिरलं.

मामा त्या चाकासमोर उकिडवा बसला. सहा बोल्ट इकडे, सहा भोकं तिकडे, पण बोल्टांचं कडं भोकांच्या कड्यापेक्षा किंचित मोठं. किंचित म्हणजे किती, तर लग्नात रुसायला पुरेल इतकं. सगळ्या गल्लीला सांगून झालं होतं. शिंप्यालाही. मामाने चाक उतरवलं, गोल कानस घेतली आणि भोकाच्या कडेला टेकवली. जरा लांबट केलं की बसेल. बसलेलं कोणाला दिसणार आहे?

दोनदा कानस फिरली. रंग खरवडला गेला. तेवढ्यात भाची दारात येऊन उभी राहिली. तिने आरडाओरडा केला नाही. कोपऱ्यातली स्टेपनी तिने लोळवत आणली आणि मामाच्या गुडघ्याला टेकवून ठेवली.

"मामा, हिचीही घासणार आहेस का?"

मामा म्हणाला, थोडंसंच तर आहे, वाटेला लागलं की बसेल, नवी चप्पल बसते तसं.

"चप्पल सुटली तर मी अनवाणी चालेन. त्या वळणावर चाक सुटलं तर?"

आतून मामी म्हणाली, "अहो, पोरीला उत्तर द्या. कानस कुठे पळून जात नाही."

मामाने कानस खाली ठेवली. भाचीने खिळ्यावरचा पुठ्ठा काढून उजेडात धरला आणि एका भोकात करंगळी घालून गोल फिरवली. करंगळी ऐसपैस फिरली. मग मामाकडे बघून तिने दुसऱ्या भोकात अंगठा घातला. तोही फिरला. इतकी वर्षं हा पुठ्ठा भंगारातल्या प्रत्येक एक्सलवर चढवून उतरवून मामाने त्याची भोकं भिकाऱ्याच्या खिशासारखी करून ठेवली होती. आता तो कोणावरही बसत होता. असा ठसा म्हणजे सगळ्यांनाच हो म्हणणारा मध्यस्थ.

"माझीच नजर सैल झाली म्हणायची," मामा म्हणाला. त्याला हे म्हणायला एक अख्खा चहा लागला.

मग त्याने कोरा पुठ्ठा घेतला. पुढच्या चाकाचे बोल्ट ग्रीसने काळे केले, ठसा घेतला आणि भोकं अगदी घट्ट पाडली. तो ठसा मागच्या बोल्टांवर धरला. बसला नाही. आता एक्सल काढून परत न्यायचा, म्हणजे भाचीची पहिली खेप हुकणार. मामा पान्याकडे हात नेत होता. भाची मात्र पुठ्ठा बोल्टांच्या टोकांवर टेकवून उगाच फिरवत बसली होती, कंटाळलेली माणसं ताटली फिरवतात तशी.

"थांब," मामा म्हणाला. "तिथेच धर."

पुठ्ठा दोन बोल्टांमधल्या अंतराच्या अर्ध्याने फिरला होता. सहाही भोकं आता दोन-दोन बोल्टांच्या मधोमध आली होती आणि प्रत्येक भोकातून मागचं भरीव लोखंड दिसत होतं. जुने बोल्ट काढून टाकायचे आणि मधल्या कोऱ्या जागी नवीन सहा भोकं पाडायची, पुढच्या चाकाच्या कड्याची. ब्रेकच्या ड्रमलाही तशीच, आणि त्यांत बोल्ट ठोकायचे. मामाने भाचीच्या डोक्यावर टपली मारली, तिच्या केसांत ग्रीस लागलं, आणि मामीने दोघांनाही आत यायला बंदी केली.

एक्सलच्या बोल्टांच्या चकत्या आणि ड्रम उतरवून लेथवाल्या टर्नरकडे जाताना मामाने पुठ्ठा काखोटीला मारला, मग दारातून परत फिरला आणि चाकही घेतलं. टर्नरने पुठ्ठा बाजूला ठेवून चाकाच्या समोरासमोरच्या दोन भोकांचं माप घेतलं, एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत. मामा शेजारी उभा राहून बघत होता. टर्नरने विचारलं, बरोबर आहे ना? मामा म्हणाला, परत एकदा घे.

चाक बसलं तेव्हा खांदा लावावा लागला नाही. मामाने ते फिरवलं आणि कान लावला. काहीच ऐकू आलं नाही.

पहिल्या खेपेला निघताना मामाने भाचीला बजावलं की घाट सुरू व्हायच्या आधी थांबून नट पुन्हा आवळायचे. ती म्हणाली, हे तू काल सांगितलंस, परवाही सांगितलंस. ती गेल्यावर मामाने सगळे जुने पुठ्ठे खिळ्यावरून उतरवले आणि मामीला दिले. तिने ते तापलेल्या भांड्यांखाली घातले.

भाची संध्याकाळी उतरली ती धुळीने माखून. ट्रक लावून थेट मामासमोर आली.

"टायर फाटला. दरीच्या बाजूला. स्टेपनी लावून आले."

मामाने विचारलं, "पुढचं चाक की मागचं?"

"मागचं."

मामा उठला, मागच्या चाकाजवळ वाकला आणि एकेक नट हाताने चाचपून बघितला. परतताना शिंप्याच्या दारापाशी थांबला आणि म्हणाला, या वेळी पँटीचं माप नीट घे.