कणगीवाल्याचा आवाज आणि माझा उजवा कान

“बाबा, तुमच्या उजव्या कानाचा पडदा फाटलाय,” धाराशिवच्या कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी खुर्चीवरून उठलोच. म्हणलं, “म्हणजे सुई चांगली होती तर!”

बाई घाबरल्या. “कुठली सुई? कानात सुई घालत होता का तुम्ही?”

माझी सून मनीषा संगं होती. तिनं कपाळाला हात लावला. “न्हाई मॅडम, रेकॉर्डची सुई. दिवाळीपास्नं तीच बदलायलेत. नवी आणली, तिच्यावर नवी आणली. म्या कवापास्नं सांगतीय कान दाखवा म्हणून, तर मलाच म्हणतेत तू रेकॉर्ड उन्हात ठिवली.”

बाई हसल्या. मीही हसलो. पडदा फाटल्याचं ऐकून हसणारा पेशंट त्यांना पहिल्यांदाच भेटला असंल. पण मला खरंच लई बरं वाटलं होतं. रेकॉर्ड शाबूत होती. बिघाड माझ्यात होता, आणि माझ्यात बिघाड असला तरी चालतो.

मी चौथी शिकलेला माणूस. हे लिहायचं कारण एवढंच, की माझ्यासारखा कान वाहणारा कुणी कानात लसणाचं तेल ओतत बसला असंल तर त्यानं थांबावं. आणि दुसरं कारण, आनंद पोटात मावंना.

भूमला माझा लाउडस्पीकरचा धंदा होता. परंड्यापासून ढोकीपर्यंत लग्नं, बारशी, जत्रा केल्या. झाडाला कर्णे बांधायचे, खाली टेबलावर मशीन आणि रेकॉर्ड प्लेअर. रेकॉर्डी सोलापूरच्या जुन्या बाजारातून गठ्ठ्यानं आणायचो. वर सिनेमाच्या, मधी भजनाच्या, आणि तळाला हटकून दोन-चार इंग्रजी. दुकानदार म्हणायचा, गठ्ठा फुटणार नाही, घ्यायचा तर सगळा घ्या.

इंग्रजी रेकॉर्डी लग्नात कोण ऐकणार? पण मी त्यांना काम लावलं. पाहुणे यायच्या आधी कर्णे तपासायला लावायचो. आणि पंगत उठवायला! पहिली पंगत जेवून गप्पा हाणत बसायची, दुसरी मागं ताटकळायची. यजमान मला नुसता डोळा मारायचा. मी केसाळ पोरांची गिटारची रेकॉर्ड लावायचो. ती गिटार अशी किंचाळायची की म्हातारी माणसं हातातला लाडू तोंडात कोंबून उठायची. एकदा ढोकीला ऊसवाल्या ट्रॅक्टरचे ड्रायव्हर पंगतीला होते. ते उठले आणि माझ्या टेबलाभोवती येऊन नाचायला लागले. “मामा, परत लावा!” म्हणले. दुसऱ्या पंगतीचं वाढणं राहिलं बाजूला. नवरदेवाचा चुलता मला मारायला धावला होता.

पुढं पुण्याचा एक शौकीन रेकॉर्डी विकत मागायला आला, तेव्हा कळलं की या किंचाळणाऱ्याला रॉक म्हणतात आणि दुसऱ्या, तुतारीगत फुंकणाऱ्या रेकॉर्डींना जाझ. मी एकही दिली नाही. माझं मत विचाराल तर रॉक म्हणजे अंगात येणं, आणि जाझ म्हणजे पारावर बसलेल्या चार माणसांनी एकमेकांचं बोलणं न तोडता भांडणं. आणि रेकॉर्डची मागली बाजू कायम चांगली. पुढच्या बाजूला वाजवणारा गिऱ्हाइकाला खूश करतो, मागल्या बाजूला स्वतःला. हल्लीचं मोबाइलमधलं गाणं ऐकतो मी, पण त्याला ना खरखर, ना वजन. इस्त्रीच्या कपड्यासारखं. अंगात माणूसच नाही.

जाझच्या एका रेकॉर्डवर निळ्या कोटातला माणूस आहे, तुतारीसारखं वाजवणारा. त्याच्या मागं, फोटोच्या कडेला अर्धा कापला गेलेला एक जाडा माणूस. त्याच्याजवळ माणसाएवढं उभं वाद्य. आमच्या मंडळीनं, कौसल्येनं, ते बघितलं आणि म्हणाली, “ह्यो बघा, धान्याची कणगी वाजवायलाय!” तेव्हापासून तो कणगीवाला. तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण रेकॉर्डी तिच्या बरोबर ध्यानात असायच्या. प्रत्येकीला जुन्या लुगड्याची पिशवी शिवलेली.

आमचं भांडण याच रेकॉर्डवरनं. मी निळ्या कोटाचा भक्त. तिचं म्हणणं, “त्यो नुसता वरडतोय. खरं काम मागला करतोय. कणगीवाल्याकडं ध्यान द्या की जरा!”

मी म्हणायचो, “मागं काय बी न्हाई. नुसतं धप धप.”

माझंही खोटं नव्हतं. कर्ण्याची जात अशी की वरचा बारीक आवाज तो गावभर नेतो, पण खालचा भारी आवाज त्याच्यातनं निघतच नाही. मागल्या बाजूला शेवटी निळा कोट गप्प बसतो आणि कणगीवाला एकटाच वाजवतो. कर्ण्यातनं तिथं काहीच यायचं नाही. मांडवातली माणसं ओरडायची, “बंद पडलं का रे?” म्हणून तिथं आलं की सुई उचलायची मला सवय लागली. घरी लाकडी खोक्याचा स्पीकर होता, त्यातनं तो चांगला वाजला असता. पण हात सवयीचा. तिथं आला की उचलायचाच. ती म्हणायची, “आवं ऱ्हाऊ द्या की!” तोवर मी दुसरी रेकॉर्ड लावलेली असायची.

गेल्या वर्षी कौसल्या गेली. भांडी घासता घासता भिंतीला टेकली, ती टेकलीच. त्यावर जास्त लिहीत नाही.

दहाव्याला नदीत बुडी मारली तेव्हा कानात पाणी गेलं. मग कान वाहायला लागला. लसूण जाळून तेल ओतलं. वाहणं थांबायचं, परत सुरू व्हायचं. दुखत नव्हतं, म्हणून लक्ष दिलं नाही. घरात तेव्हा कुणाच्या कानाकडं बघायची वेळ नव्हती.

दिवाळी झाल्यावर पहिल्यांदा प्लेअरवरचं कापड काढलं. ठरवून निळा कोट लावला, मागली बाजू. म्हणलं, ती एवढं सांगायची, आज बसून ऐकू तिचा कणगीवाला.

कणगीवाला नव्हता! निळा कोट वाजत होता, तोही शेजारच्या गल्लीत वाजल्यासारखा. आणि शेवटी तो गप्प झाल्यावर नुसती खरखर. एकदा तर मनात आलं, जाताना ती त्याला संगं घेऊन गेली. येड्यासारखं. पण आलं.

मग मी मिस्त्री आहे, मिस्त्रीसारखाच वागलो. सुई बदलली. बेल्ट बदलला. मशीन खोलून कंडेन्सर बदलले. वायरी बदलल्या. स्पीकर उलटा केला, सुलटा केला. आयुष्यभर आवाज गेला की मी मशीनच बघितलं. ऐकणाऱ्याकडं बघायचं असतं, हे धंद्यात कुणी शिकवलंच नाही.

शेवटी इसाकभाई आला. तो बँडमधला क्लॅरिनेटवाला, माझ्याच वयाचा. शेजारीच राहतो. त्याला समोर बसवून रेकॉर्ड लावली. म्हणलं, “बघ, मागला गेलाय का न्हाई?”

तो डोळे मिटून बोटं हलवत बसला. म्हणाला, “कहाँ गया? बराबर बज रहा है.”

“तुला ऐकू येतंय?”

“अरे येड्या, सुई नवी, बेल्ट नवा, वायर नवी. ह्या घरात जुनं एकच राह्यलंय, तुजा कान! जा, दाखव जाके.”

दुसऱ्याच दिवशी मनीषाच्या संगं एसटीनं धाराशिव गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. आजाराचं नाव टिंपॅनिक मेम्ब्रेन परफोरेशन. म्हणजे कानाच्या पडद्याला भोक. भोक जुनं असंल, लहानपणी कान फुटला होता त्याचं. पाण्यानं आणि तेलानं ते पिकलं. बाई म्हणाल्या, “तेल ओतू नका, काडी घालू नका. फाटक्या पडद्यातून सगळं आत जातं.” आणि पडदा फाटला की बऱ्याचदा खालचा, भारी आवाज आधी कमी होतो. हे ऐकून मला टाळी वाजवावीशी वाटली. माझा कणगीवाला नेमका त्याच वाटेनं गेला होता!

मग ऑडिओमेट्री. म्हणजे ऐकण्याची मोजणी. काचेच्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. मी पहिलं हेडफोनच उलटं करून बघितलं. आतली पोरगी म्हणाली, “बाबा, ते खोलू नका.” लोकांनी या तपासणीला भिऊ नये. काही टोचत नाहीत.

निकाल असा: डाव्या कानाची नस थकलेली, कर्ण्याशेजारी उभं राहून राहून. ती काही परत यायची नाही. उजव्याची नस चांगली, फक्त पडदा फाटका. बाई म्हणाल्या, “टिंपॅनोप्लास्टी करू. म्हणजे पडद्याला ठिगळ. कानाच्या वरच्या स्नायूवर पातळ पापुद्रा असतो, तो काढून लावायचा.”

म्हणलं, “आमच्यात स्पीकरचा पडदा फाटला की पतंगाचा कागद डकवतेत.”

“तसंच. फक्त माझा कागद तुमच्याच डोक्यातला.”

पण त्यांनी गोड गोड सांगितलं नाही, हे मला आवडलं. म्हणाल्या, “बहुतेकांचं ठिगळ धरतं, काहींचं नाही धरत. क्वचित ऐकणं आणखी कमी होतं. ऑपरेशन न करता कानाला ऐकायचं मशीन लावूनही भागेल. विचार करा.”

मनीषाचं मत मशीनकडं. परत येताना एसटीत म्हणाली, “मामा, हाय तेवढं तरी ऐकू यिऊ द्या. ह्या वयात कशाला?” तिचं बरोबर होतं. हाय तेवढंही गेलं असतं, तर कणगीवाला जन्मात ऐकायला मिळाला नसता. पण मशीन म्हणजे लहान कर्णाच. आणि कर्ण्यानं कणगीवाल्याला माझ्यापासून कायम लपवलं होतं. मी म्हणलं, करायचं.

आधी कान कोरडा व्हावा लागतो. त्यासाठी थेंब, गोळ्या, अंघोळीला मलम लावलेला कापसाचा बोळा. वेटिंगच्या बाकड्यावर मला लई माणसं भेटली. तेरखेड्याचा एक फटाके करणारा, तुळजापूरच्या एक मास्तरीणबाई. सगळ्यांना मी रेकॉर्डीच सांगायचो. मास्तरीणबाईंना मी एवढं समजावलं की जाझमध्ये तिघं गप्प बसतात आणि एक बोलतो. त्या म्हणाल्या, “असा वर्ग मला कधी मिळाला नाही हो!”

ऑपरेशन लोकल ॲनेस्थेशियात झालं. म्हणजे नुसता कान बधिर, माणूस जागा. भीती वाटली का? वाटली. पण आत सुरुवात झाली आणि मी भीती विसरलो. कानात असे आवाज! कुणी पत्र्यावर चालतंय, कुणी पोतं ओढतंय. ठसका, खरवड, धप्प. पन्नास वर्षं आवाजाचा धंदा केला, पण असं कधी ऐकलं नव्हतं.

बाईंनी विचारलं, “बाबा, चक्कर येतीय का?”

“न्हाई.”

“मग बोलत राहा. लग्नात काय लावायचा?”

मी पंगत उठवायची गोष्ट सुरू केली. लाडूपर्यंत आलो आणि बाई म्हणाल्या, “थांबा, थांबा! मला हसवू नका, हात हलतो.” बाकीची गोष्ट टाके घालताना सांगितली.

मग डोक्याला फेट्यासारखं बँडेज. इसाकभाई बघायला आला आणि म्हणाला, “नवरदेव, घोडा कुठाय?”

पुढचे दिवस अवघड, ते सांगून ठेवतो. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. वजन उचलायचं नाही, डोक्यावरनं पाणी नाही. कानात औषधाचा बोळा भरलेला असतो, म्हणून ऐकू पहिल्यापेक्षाही कमी येतं. मनीषा बोलायची तर नुसते ओठ हलायचे. तेव्हा मी हबकलो. वाटलं, खेळलो आणि हरलो. रोज प्लेअरपाशी जाऊन निळ्या कोटाची पिशवी हातात घ्यायचो आणि परत ठेवायचो. बाईंनी सांगितलं होतं, घाई करू नका, ठिगळाला जीव धरायला वेळ लागतो. माझ्यासारखं कुणाचं झालं तर या दिवसांत आशा सोडू नका. एवढंच माझं सांगणं आहे.

शेवटच्या तपासणीला बाईंनी दुर्बिणीतनं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खुर्ची मागं सरकवली. त्या खुर्चीच्या चाकाची कुरकुर मला ऐकू आली! त्या काय म्हणाल्या ते मी नंतर ऐकलं. “धरलंय, बाबा. छान धरलंय.”

एसटी स्टँडवर मी उगीच उभा राहिलो. कंडक्टरची घंटी, शेंगदाणेवाला, चपलांची फरफर. मनीषा म्हणाली, “मामा, गाडी लागली.” म्हणलं, ऐकलं मी. ओरडू नको.

घरी आलो, हातपाय धुतले आणि इसाकभाईला हाक मारली. निळा कोट काढला. मागली बाजू. सुई टेकली तेव्हाची ती पहिली खरखरच अशी भरून आली की मनीषा स्वयंपाकघरातनं बघायला आली.

आणि तो होता! निळ्या कोटाच्या पायाखाली चालत होता. धप धप नाही. चालणं. जसं कुणी धान्यानं भरलेल्या घरात सावकाश फिरतंय. निळा कोट वर कितीही उड्या मारू दे, खाली आला की हा पाय ठेवायला जागा देतोय.

मग शेवटची जागा आली. निळा कोट गप्प बसला. माझा हात उठला, सवयीनं. सुईपर्यंत गेला. मी तो धरला आणि मांडीवर ठेवला.

कणगीवाला एकटाच वाजवत राहिला. मधीच थांबायचा, जणू आपल्याला विचारतोय. परत दोन पावलं टाकायचा. किती सुंदर आहे ते! सगळी जिंदगी माझ्या घरात होतं आणि घरातल्या एकाच माणसाला ठाऊक होतं.

मी मोठ्यानं बोललो, “व्हय, बराबर हाय तुजं.”

इसाकभाईनं डोळे उघडले. “किसको बोला?”

मी निळ्या कोटाची लुगड्याची पिशवी उचलून मांडीवर घेतली. ती बघून त्याला समजलं असावं.

डॉक्टरीणबाईंचे, मनीषाचे, इसाकभाईचे उपकार मी मानतो. तुम्हाला कुणाला ऐकायला यायचं असंल तर भूमला बाजाराच्या दिवशी या, घर कुणीही दाखवंल. निळा कोट लावीन, केसाळ पोरंही लावीन. पण एक सांगून ठेवतो, आता माझ्या घरात सुई मधी उचलत नाहीत. रेकॉर्ड संपली की सुई आपोआप शेवटच्या रेघेत फिरत राहते. तेवढा वेळ बसायचं.