शेजाऱ्यानं सांगायची तब्येत

सोमवारी डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं. मंगळवारी ते सुरू झालं. बुधवारी मी कॉलेजात जाऊन राजीनामा दिला.

शुक्रवारी दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा डावीकडच्या खाटेवरच्या बाई माझ्या अंगावरून पलीकडे बघत म्हणाल्या, "शरीफभाई, नवे सर कसे हायत?"

"बरा नाही," मी म्हणालो.

"तुमाला कुणी विचारलंय?"

उजवीकडच्या रिक्षावाल्या शरीफभाईंनी मला न्याहाळलं. "मंगलवारसे अच्चे है, अक्का. आज चष्मा पोंछको आए."

मैंदर्गीच्या अक्कांचा हा कायदाच होता. आपली तब्येत आपण सांगायची नाही, शेजारच्यानं सांगायची. "आपल्याला आपलं दुखणंच तेवढं दिसतंय," त्या म्हणत. सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली की, नव्या डॉक्टरांनी "कसं वाटतंय?" विचारलं तेव्हा मी शरीफभाईंकडे पाहिलं. डॉक्टरही मग त्यांच्याकडेच बघू लागले.

अक्कांची तब्येत सांगणं माझ्याकडे आलं. पहिल्यांदा मी "बऱ्या आहेत" म्हणालो, तर त्या उखडल्या. "एवढी पुस्तकं वाचून नुसतं बरी?" पुढच्या खेपेपासून मी त्यांच्याकडे नीट बघू लागलो. "अक्का आज सकाळपासून तिघांशी भांडल्यात," असं एकदा सांगितलं. "मग झ्याक हाय," त्या खुशीत म्हणाल्या.

मीठ आम्हा सगळ्यांना बंद. अक्का तरीही डबीतून शेंगाचटणी आणत आणि ती खाटेखाटेवरून फिरवत, फक्त वासासाठी. सिस्टरनं पकडल्यावर म्हणाल्या, "वासाला कुटं मीठ असतंय, बाई? तू बी घे की."

घरी मी एकटाच. एका शुक्रवारी वाटलं, कुणासाठी हा खटाटोप? गेलो नाही. पुढच्या मंगळवारीही जाणार नव्हतो. पाय सुजले होते, जिना चढताना धाप लागत होती. तेवढ्यात फोन वाजला. मागे यंत्राची पिपाणी चालू होती.

"एन्री सर, काय हो हे, कुटं हाय तुमी?"

"आता नको वाटतं, अक्का."

"तुमचं राहू द्या. डॉक्टर राउंडला आल्यात, माझी तब्येत कोन सांगणार? मी गप पडून हाय हितं."

मी रिक्षा केली. पोचलो तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी तब्येत सांगितली: "अक्का रागावल्यात."

"लई," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. शरीफभाई इतके हसले की त्यांचं यंत्र ओरडायला लागलं.

शेवटच्या खेपेला अक्कांना उशीवरून मान उचलवत नव्हती. तरी म्हणाल्या, "सांगा, सर."

मला खोटं बोलता येईना. "अक्का आज थकल्यात."

"व्हय की. पन जरा हसत सांगा."

मी हसत सांगितलं. दोन दिवसांनी त्या मैंदर्गीला, घरीच वारल्या.

त्यांच्या खाटेवर आता चिंचोळीच्या कारखान्यातले एक गृहस्थ येतात. अजून ते कुणाशी बोलत नाहीत. मी मंगळवारी आणि शुक्रवारी जातो. त्यांची तब्येत सांगणं आता माझ्याकडे आहे.